अलिबाग, कुलाबा किल्ला आणि सासूबाईंची पाऊणकी

अलिबागला जायचं आमचं ठरलं ते नेहमीसारखंच, म्हणजे गुरुवारी रात्री जेवताना विषय निघाला आणि शनिवारी सकाळी आम्ही गेटवेला बोटीच्या रांगेत. मी, नवरा, आठ वर्षांचा लेक आणि सासूबाई. सासूबाईंचं माहेर चौलचं, अलिबागच्या पुढे रेवदंड्याला जाताना लागतं ते, पण तिकडे आता कोणी राहत नाही, त्यामुळे वरसोलीला एका वाडीत घरगुती खोली घेतली होती.

आधी जाण्याबद्दल सांगते कारण सगळे तेच विचारतात. गेटवेहून मांडव्याला कॅटामरान जाते, साधारण तासभर, आणि तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते (सगळ्या कंपन्यांची नसते, तिकीट काढताना विचारून घ्या). बस वीसेक किलोमीटरला पाऊण तास घेते. गाडी न्यायचीच असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, २०२० पासून सुरू झालीय. रस्त्याने गेलात तर पेण, वडखळ, पोयनाड, आणि वडखळ नाक्याला शनिवारी सकाळी काय होतं ते मी सांगायला नको. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, मग एसटी झिंदाबाद. बोटीवर लोक कुरवांना, म्हणजे बोटीमागे उडणाऱ्या समुद्रपक्ष्यांना, कुरकुरे फेकून घालत होते, माझ्या लेकालाही पाकीट फोडायचं होतं, पण सासूबाईंनी ते हातातून काढून घेतलं आणि स्वतःच खाल्लं.

आता मेन मुद्दा. अलिबागचा समुद्रकिनारा म्हणजे नुसती वाळू नाही, समोर पाण्यात कुलाबा किल्ला उभा आहे आणि ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं. तरी आम्ही शनिवारी जेवून, ताणून देऊन, साडेतीनला किनाऱ्यावर पोचलो आणि बघतो तर लाटा बंधाऱ्याच्या जवळ, किल्ला चारी बाजूंनी पाण्यात. नवरा म्हणाला अगं संध्याकाळी ओहोटी असते ना. असते, पण रोज नाही ना बाबा! आमच्यासारखी शंभर माणसं तरी तिथे उभी राहून एकमेकांना हेच विचारत होती. बोटी चालू होत्या, पण सासूबाईंना त्या हलत्या होडीत चढायचं नव्हतं.

मग सासूबाई शांतपणे म्हणाल्या, काल संकष्टी होती, आज पंचमी. पाच पाऊण पावणेचार. पावणेचारला पूर्ण भरती. मला विचारलं असतंत तर घरीच सांगितलं असतं.

तर ही पाऊणकी. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊणचे पाढे, पाठ करून घ्यायचे, आमच्या पिढीला त्यातलं काही येत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो पूर्ण भरतीचा आकडा, दुपारचा आणि रात्रीचाही. त्यात सहा तास आणि वर थोडी मिनिटं मिळवली की पूर्ण ओहोटी. शुद्ध असो की वद्य, एकपासूनच मोजायचं. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी. रविवारी षष्ठी, सहा पाऊण साडेचार, म्हणजे ओहोटी साडेदहाच्या आसपास. नवऱ्याने लगेच मोबाईलवर टाइड टेबल उघडून बघितलं, वीसेक मिनिटांचाच फरक. तो गप्प बसला.

याच्यात अजून एक खोच आहे जी मला दुसऱ्या दिवशी कळली. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि वाट अगदी कोरडी पडते, पण ती ओहोटी येते भल्या पहाटे नाहीतर संध्याकाळी अंधार पडताना, आपल्या काही कामाची नाही. सप्तमी-अष्टमीला ओहोटी भर दुपारी, वेळ सोयीची, पण तेव्हा भांग असतो, म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी नीट ओसरतच नाही. म्हणून तृतीया ते पंचमी हे दिवस उत्तम, ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या मधे आणि पाणीही बऱ्यापैकी मागे. शनिवार-रविवार बघण्याआधी कॅलेंडरवर तिथी बघा.

शनिवारची संध्याकाळ मग वाळूतच गेली. स्पष्टच सांगते, पांढरीशुभ्र वाळू डोक्यात ठेवून येऊ नका. इथली वाळू काळपट, ओली झाली की सिमेंटसारखी घट्ट, त्यामुळे क्रिकेट खेळायला आणि चालायला झकास, लोळायला नाही. पोहायचा विचार तर सोडूनच द्या, खाली खडक आहेत आणि भरतीचं पाणी फसवं असतं. गर्दी नको असेल तर दोन किलोमीटरवरचं वरसोली बरं, सुरूची झाडं आहेत आणि भेळवाल्यांची ओरड कमी. घोडागाडी, बनाना राइड, सगळ्याचे भाव आधी ठरवा आणि "माणशी की सगळ्यांचे मिळून" हे दोनदा विचारा. आम्ही एकदाच विचारलं होतं.

रविवारी सव्वानऊला निघालो. षष्ठी असल्यामुळे मधल्या पट्ट्यात पोटरीभर पाणी होतंच, लेक तर गुडघ्यापर्यंत भिजला. रमतगमत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पायात मागे पट्टा असलेले सँडल पाहिजेतच, नुसती चप्पल घालून येऊ नका, माझी एक चिखलात अशी रुतली की पाय वर आला आणि चप्पल खालीच, मग कोपरापर्यंत हात घालून काढावी लागली. अनवाणी तर अजिबात नको, खडकांना कालवं चिकटलेली असतात, ब्लेडसारखी कापतात. दोन बायका तिथेच वाकून छोट्या कोयतीने कालवं फोडत होत्या, टक्क करून वरचं कवच उडवायचं, आतला मऊ करडा गोळा टोकाने उचलून डब्यात, एकीचा अर्धा डबा भरलाही होता. सासूबाई त्यांच्याशी दहा मिनिटं बोलत बसल्या, कालवांचं कालवण कोण कसं करतं यावर. आम्ही पाण्यात उभे.

किल्ल्याचं काम १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरू केलं आणि संभाजी महाराजांनी पुरं केलं, पुढे कान्होजी आंग्र्यांचं हे मुख्य ठाणं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले होते, घेता आला नाही. तटाच्या बाहेरच्या बाजूला जरूर थांबून बघा, मोठमोठे दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचलेत, लाट आली की पाणी फटीत शिरतं आणि तिथेच तिचा जोर मोडतो. लेकाने फटीत हात घातला तर आतून खेकडा पळाला, त्याच्यासाठी किल्ला वसूल झाला. महादरवाजावर हत्ती, मोर वगैरे कोरलेत, तिकीट काढायच्या घाईत सगळे खालून निघून जातात. आत गणपतीचं देऊळ आहे, १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं, शेजारी पायऱ्यांची पुष्करणी, आणि खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर.

उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत, तिथे फोटोसाठी रांग. एक काका मुलांना सांगत होते की या तोफांनी कान्होजींनी इंग्रज बुडवले. मला राहवलं नाही, तोफेवरचं वाचून दाखवलं, यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आणि साल १८४९. कान्होजी गेले १७२९ ला. या तोफा इंग्रजांच्याच, आंग्र्यांचं राज्य खालसा झाल्यानंतरच्या. काका म्हणाले, असेल, पण फोटो काढा. काढला.

आत खायला-प्यायला मिळेल या भरवशावर राहू नका, पाणी बरोबर न्या, टोपी न्या, सावली फार नाही. आणि पूर्ण ओहोटीनंतर तास-दीड तासात परत फिराच. आम्ही साडेअकराला निघालो तेव्हा येतानाच्या पोटरीभर पाण्याचं गुडघाभर झालं होतं, सासूबाईंना घोडागाडीत बसवलं. आमच्यानंतरही लोक किल्ल्याकडे चालत येत होते, मोबाईल डोक्यावर धरून. त्यांना सांगितलं तर हसले.

दुपारी एका खानावळीत बोंबील फ्राय, सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी. एक वाजायच्या आत टेबल धरा, नंतर तासभर बाहेर उभं राहावं लागतं आणि बोंबील संपलेले असतात. थंडीत आलात तर पोपटीची चौकशी करा, वालाच्या शेंगा आणि कोंबडी मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात भाजतात, पण ती आधी सांगून ठेवावी लागते, आयत्या वेळी मिळत नाही.

वेळ उरला तर गावात कान्होजींची समाधी आणि हिराकोट तलाव दोन्ही चालत होतात. इस्राएल आळीतलं बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर बाहेरून पाहिलं, ते बंद होतं. शनिवारी काम न करणारे म्हणून या लोकांना इकडे शनवार तेली म्हणायचे, हे सासूबाईंनीच सांगितलं. रिक्षा केलीत तर आक्षीचा शिलालेख बघून या, शके ९३४ चा, मराठीतला सर्वांत जुना लेख मानतात त्याला. रस्त्याच्या कडेला आहे, रिक्षावाल्याला "शिलालेख" म्हणालं की कळतं, "हेरिटेज साइट" म्हणालं की तो रिसॉर्टला नेतो.

परतीच्या बोटीची वेळ सकाळीच पक्की करा, रविवारी संध्याकाळी मांडव्याला जत्रा असते. चुकलीच तर अलिबाग डेपोतून पनवेलला एसटी आहे. आम्ही बोट पकडली, सासूबाईंनी पांढऱ्या कांद्याच्या तीन माळा घेतल्या होत्या, वेणीसारख्या विणलेल्या, त्या एसी केबिनमध्ये मांडीवर घेऊन बसल्या आणि शेजारच्या मुलीला, ती बिचारी नाक मुरडत होती, कच्चा खाऊन बघ गोड लागतो म्हणून एक सोलून दिला. तिने खाल्ला. मग दुसरा मागितला.