क्रौंचांसाठी नेब्रास्का: ओमाहाला उतरा, कार्नीला मुक्काम करा

मी मूळची गोंदियाची. धानाच्या बांधीत उभी असलेली सारसाची जोडी बघतच लहानाची मोठी झाले. अमेरिकेतला सँडहिल क्रेन, म्हणजे तिकडचा क्रौंच, हा त्याच सारसाचा जवळचा नातेवाईक. दोघांचंही शास्त्रीय नाव ‘अँटिगोनी’पासून सुरू होतं. आमच्याकडे सारस बोटांवर मोजावे लागतात आणि तिकडे फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत एका नदीच्या जेमतेम ८० मैलांच्या पट्ट्यात ५ लाखांहून जास्त क्रौंच उतरतात. हे कळल्यापासून मला आणि ताईला अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातली प्लॅट नदी गाठायचीच होती. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ती गाठली.

अशी सहल उलट्या क्रमाने ठरवावी, हे आम्हाला उशिरा उमगलं. आम्ही आधी स्वस्त विमानतिकीट घेतलं आणि मग लपणातली, म्हणजे पाखरांना न दिसता त्यांना बघायच्या आडोशातली, जागा शोधली. खरं तर नदीकाठच्या लपणांचं आरक्षण हिवाळ्यातच सुरू होतं आणि शनिवार-रविवार लगेच भरतात. गिबन गावाजवळचं रो अभयारण्य आणि वुड रिव्हरजवळचं क्रेन ट्रस्ट ही दोन मुख्य ठिकाणं. आधी तिथली सकाळ मिळवा, मग जवळच्या कार्नी गावातलं हॉटेल आणि शेवटी विमान. (गावाचं नाव इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे वाचू नका, तिथले लोक ‘कार्नी’च म्हणतात.)

मुंबईहून नेब्रास्काला थेट विमान नाही. एकदा-दोनदा तरी बदलावं लागतं, आणि अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथेच इमिग्रेशन होतं. सामान ताब्यात घ्यायचं, कस्टममधून बाहेर पडायचं, ते पुन्हा पुढच्या विमानासाठी द्यायचं आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेत नव्याने उभं राहायचं. आम्ही या सगळ्याला दोन तास ठेवले होते. रांग मोठी होती, नेब्रास्कातल्या ओमाहा शहराचं शेवटचं विमान चुकलं आणि रात्र तिथेच काढावी लागली. त्यामुळे लपणातल्या दोन सकाळींपैकी एक हातची गेली. ताईला त्याची आजही हळहळ वाटते. तेव्हा मधे किमान चार तास ठेवा, सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या आणि पहिल्या लपणाआधी एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. सोबत वयस्कर माणूस असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून घ्या. ताईचे गुडघे त्यामुळेच निभावले.

कार्नीलाही छोटा विमानतळ आहे, पण तिथे दिवसाला मोजकीच विमानं. एक चुकलं की दिवस गेला. ओमाहाला शिकागो, डेन्व्हर, डॅलसहून बरीच विमानं येतात, म्हणून मी ओमाहाच सुचवेन. शेवटच्या टप्प्याचं विमान लहान असतं. केबिन बॅग दाराशीच काढून घेतात, तेव्हा औषधं आणि दुर्बीण खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. ओमाहाच्या विमानतळावरून शहराच्या मध्यात जाताना दोन-चार मिनिटं चक्क आयोवा राज्यातून जावं लागतं. १८७७च्या पुरात मिसुरी नदीने पात्र बदललं आणि आयोवाचा हा तुकडा नदीच्या अलीकडे राहिला, तो अजून तसाच आहे.

गाडीशिवाय इथे काहीच जमत नाही. भाड्याच्या गाडीसाठी मूळ लायसन्स आणि चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. मी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवानाही काढून नेला होता. ओमाहा ते कार्नी सुमारे ३०० किलोमीटर, इंटरस्टेट ८० या महामार्गावरून जवळपास सरळ रेषेत. इतक्या लांबच्या प्रवासानंतर त्याच रात्री गाडी चालवू नका, ओमाहात झोपा. मार्चमध्ये इथे हिमवादळं येतात आणि महामार्ग बंदही करतात, म्हणून निघण्यापूर्वी राज्याच्या ‘५११’ सेवेवर रस्त्याची स्थिती बघा. संध्याकाळी हरणं आडवी येतात.

शाकाहाऱ्यांनी खाणं बरोबर न्यावं. इथला आवडता ‘रन्झा’ म्हणजे गोमांस आणि कोबी भरलेला पाव. आम्ही खाकरे आणि भडंगाची पाकिटं नेली, कस्टमच्या फॉर्मवर ती जाहीर केली आणि काहीच अडचण आली नाही. ताजी फळं, बियाणं नेऊ नका.

आता लपण. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर पुढे जातात, त्यामुळे सूर्योदय साडेसातच्या पुढे होतो आणि तरीही पोचावं लागतं काळोखात. हॉटेलचा नाश्ता तोवर सुरू झालेला नसतो. आम्ही गेलो तेव्हा पारा शून्याखाली होता आणि लपणात शेकोटी नसते. लोकरीचे मोजे दुहेरी घाला. फ्लॅश बंद, फोन बंद, कुजबुजही जपून, आणि पक्षी उठेपर्यंत बाहेर पडता येत नाही.

आधी फक्त आवाज आला. ताई माझ्या कानात म्हणाली, “सारसासारखाच गं, पण घशात पाणी खळखळल्यासारखा.” मग उजाडत गेलं आणि नदीतली वाळूची बेटं राखाडी दिसू लागली, ती सगळी पाखरंच होती. कोल्ह्या-कायोटींपासून वाचण्यासाठी ती रात्रभर घोटाभर पाण्यात उभी राहतात आणि दिवसा शेतात सांडलेला मका टिपतात. वरच्या धरणांमुळे पूर कमी झाले आणि पात्रात झाडी माजली, म्हणून आता ट्रॅक्टर लावून पात्र मोकळं ठेवावं लागतं. उघडं पात्र इतकंच उरल्यामुळे एवढी गर्दी. गोंदियातल्या तलावांचा विचार मनातून जाईना.

लपण मिळालं नाही तरी जा. संध्याकाळी त्याच महामार्गाच्या एक्झिट ३०५ ला आल्डाजवळ आणि एक्झिट २८५ ला गिबनजवळ नदीवर मोफत बघायला जागा आहेत. फोर्ट कार्नी उद्यानातल्या जुन्या रेल्वेपुलावरही उभं राहता येतं, त्याला उद्यानाचा परवाना लागतो. शेतरस्त्यावर मधेच गाडी थांबवून उतरू नका, पाखरं चरणं सोडून उडतात आणि पुढच्या उड्डाणासाठी साठवलेली ताकद वाया जाते. गाडीतूनच बघितलं तर ती बिचकत नाहीत. ताईने शेवटची संध्याकाळ तशीच काढली, काच अर्धी खाली करून, अंधार पडेपर्यंत.