शिरोळच्या पूरग्रस्त गावात गाळ उपसताना

ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीने 43 फुटांची धोका पातळी ओलांडून 55 फूट 7 इंच गाठले होते. पाणी ओसरू लागल्यावर, स्वातंत्र्यदिनानंतरच्या शनिवारी, आम्ही कोल्हापूरचे नऊ जण हातकणंगले, जयसिंगपूरमार्गे शिरोळ तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका लहान गावी गेलो.

समाजमंदिरात बिस्किटांचे पुडे आणि जुन्या कपड्यांचे ढीग पडून होते. फावडी, घमेली आणि खराटे मात्र मोजकेच होते. ऊस कुजल्यामुळे वाडे, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा चारा, मिळत नव्हते आणि जनावरे वैरणीवाचून हंबरत होती. म्हणून निघण्यापूर्वी सरपंचांना किंवा ग्रामसेवकांना फोन करून काय हवे ते विचारावे, आणि स्वतःची भाकरी व पिण्याचे पाणी बरोबर न्यावे.

पहिल्याच घरात आमच्याकडून मोठी चूक झाली. भिजलेल्या गाद्या आणि फुगलेल्या तांदळाची पोती आम्ही भराभर ट्रॉलीत टाकली, तेव्हा दारात बसलेल्या आजी म्हणाल्या, "तलाठी अजून आलं न्हाईत, बाळांनो. आता त्यास्नी काय दावू?" आम्ही सगळे पुन्हा उतरवून अंगणात मांडले. नुकसानीची मदत पंचनाम्यावर ठरते. त्यामुळे घरमालकाला विचारल्याशिवाय एक चिंधीही टाकू नये, आणि भिंतीवरची पाण्याची खूण व खराब झालेले सामान एकत्र दिसेल असे फोटो आधी काढून घ्यावेत.

गाळ ओला असतानाच उपसावा, कारण वाळला की तो फरशीला घट्ट धरून बसतो. जुन्या मातीच्या भिंतींवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नये. पूर ओसरल्यावर वाळतानाही त्या ढासळतात, तेव्हा तडे पाहिल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. वायरमनने तपासेपर्यंत विजेचा मेन स्विच बंदच ठेवावा. गमबूट आणि हातमोजे अवश्य न्यावेत, कारण साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्गाचा आजार होऊ शकतो. अंगावर जखम असेल तर गाळात उतरण्याऐवजी सामानाची यादी करण्याचे काम घ्यावे.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. त्यामुळे गावाला आमचा भरवसा वाटू लागला, असे मला वाटते. एकदाच येऊन गेलेल्यांना घरातली खरी अडचण कोणी सांगत नाही. आजींच्या घराचा पंचनामा झाला होता, आणि त्या नव्या चुलीसाठी माती मळत होत्या.