फेरीबोटीत सापडलेलं ‘घे घे घे रे’

आज पणजीहून बेतीला फेरीबोटीने जाताना कुणाच्या तरी मोबाईलवर ‘ना मांगूं सोना चांदी’ लागलं होतं. १९७३ सालच्या ‘बॉबी’तलं. शेजारी बसलेल्या आजी गालात हसल्या आणि वेगळेच शब्द गुणगुणू लागल्या: “हांव सायबा पलतडी वेतां...” (सायबा, मी पलीकडे जातेय)

मग सगळी कथाच सांगितली त्यांनी. हे देखणी प्रकारातलं कोंकणी गाणं, नाचासकट म्हणायचं, साथीला घुमट हे मातीचं वाद्य. पलीकडे दामूचं लग्न आहे, कलावंतिणीला नदी पार करायचीय, पण तारी, म्हणजे नावाडी, ऐकेना. म्हणून ती अंगावरचे दागिने पुढे करते, घे रे घे! आणि हा गडी म्हणतो, “म्हाका नाका गो.” मला नको गं! (काय रुबाब!)

म्हणजे सोनं नाकारणारा तो तारीच सिनेमात शिरला की! मी इतकी वर्षं ‘बॉबी’च्या गाण्यातलं ‘घे घे घे रे’ म्हणजे नुसता ठेक्यासाठीचा भरणा समजत होतो. चाल लोकगीताची म्हणतात, पण संगीतकार कार्लुस एवजेनियु फेर्रैर यांच्या नावावर हे गाणं १८९५ मध्ये छापलेलं आहे.

बेती आलं तरी आजींचं गाणं संपलं नव्हतं. मी त्याच बोटीने परत पणजीला आलो.