आमची वाटचाल : एक-तीन-चार-दोन

नानांनी हायवेला गॅरेज टाकलं ते ट्रकवाल्यांसाठी. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे बिघडलेल्या गाड्यांचा दुष्काळ इथे कधी पडला नाही. पण नानांचा जीव अँबॅसिडरमध्ये. ट्रकची कामं उस्तादाकडे सोपवून ते टॅक्सीवाल्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या अँबॅसिडरमध्ये डोकं घालून बसायचे. मला अडीचकीचा पाढा अजून येत नाही, पण एक-तीन-चार-दोन हा फायरिंग ऑर्डर, म्हणजे इंजिनाचे चार सिलिंडर ज्या क्रमानं पेटतात तो क्रम, शाळेत जायच्या आधीपासून पाठ आहे.

आयटीआय करून मी गॅरेजात उभा राहिलो तोवर अँबॅसिडरचे दिवस भरत आले होते. टॅक्सीवाले दुसऱ्या गाड्यांकडे वळले, पुढाऱ्यांनी तर आधीच बोलेरो घेतली होती. २०१४ च्या मे महिन्यात उत्तरपाड्याच्या कारखान्यात गाडी बनणं थांबलं, तेव्हा आमच्या आवारात एकच अँबॅसिडर होती, आणि तिच्यात कोंबड्या बसायच्या. पिकअप, ट्रॅक्टर, कांद्याच्या गाड्या यांवर घर चाललं. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही नाही.

जुन्या गाड्या नव्याने उभ्या करायच्या कामाला लागलो तो रावेरकडच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याच्या जीपमुळे. तिच्यात तोटा खाल्ला. तोंडी ठरलेला भाव तोंडीच राहिला. शिवाय बॉडी कापताना दाराच्या चौकटीला आधार दिला नव्हता, म्हणून ते दार आजही खांदा लावल्याशिवाय बंद होत नाही. शेतकरी चांगला माणूस, अजून केळी पाठवतो. दाराची मात्र दरवेळी आठवण करून देतो.

मग ती गाडी आली. अमळनेरकडच्या एका जुन्या जिनिंगच्या गोदामात, कापसाच्या गाठींमागे, एमजीए १५०० ही जुनी इंग्रज स्पोर्ट्स कार उभी होती. आजोबांनी मुंबईहून हौसेनं आणलेली. नातू पुण्यात असतो, आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याला ती नुसती फिरवायची नव्हती, ट्रॅकवर पळवायची होती. मी नेमका नाही म्हणायच्या बेतात होतो. सीटमधून रुई बाहेर आलेली, आणि ती सीटची नव्हे, उंदरांनी गोदामातून ओढून आणलेली. या गाडीचा तळ प्लायवूडचा असतो, तो वाळवीनं असा खाल्लेला की आत पाय ठेवला तर थेट जमिनीवर. सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्यांच्या आम्लानं खालचे कप्पे चाळणीसारखे झाले होते. बाकी लोखंड मात्र बरं होतं. ही खान्देशच्या कोरड्या हवेची कृपा. तीच गाडी कोकणात पडून असती तर नंबरप्लेट तेवढी हाती लागली असती.

नानांनी बॉनेट उचललं, वाकून पाहिलं आणि हसायलाच लागले. "हाई ते आपलीच शे रे!"

आणि ती होतीच. अँबॅसिडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिच्यात वर्षानुवर्षं बसलं ते १४८९ सीसीचं बी-सीरिज इंजिन याच घराण्यातलं. एमजीए १५०० मध्येही १४८९ सीसीच. तेच तीन मेन बेअरिंग, तोच फायरिंग ऑर्डर. इंग्रज स्पोर्ट्स कार म्हणून मी ज्या गाडीला घाबरत होतो, ती आमच्या टॅक्सीची मावसबहीण निघाली. फरक होता तो हेडमध्ये, कॅममध्ये, आणि एकाऐवजी दोन एसयू कार्बोरेटर होते त्यात. पुण्याच्या दादांनी सांगितलं की १९५५ च्या जूनमध्ये ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत या गाडीचे तीन नमुने उतरवले होते, त्यातले दोन शेवटपर्यंत धावून बारावे आणि सतरावे आले. नाना म्हणाले, आमच्या टॅक्सीवाल्यांनी लग्नसराईत याहून जास्त तास गाडी चालवली आहे.

आम्ही दीड वर्ष सांगितलं, लागली साडेतीन. इंजिनाचं काम त्यात सगळ्यात सोपं गेलं. क्रँक घासून बारीक करणं, सिलिंडरचे बोअर मोठे करणं, हेडचा तळ सपाट करणं, हे सगळं हायवेवरच्या मशीन शॉपमध्ये झालं. तिथला मिस्त्री ट्रकचे क्रँक दळता दळता म्हणाला, "हे तर खेळणं आहे." एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट मात्र कडक लोखंडाच्या बसवल्या. शिसं घातलेलं पेट्रोल आपल्याकडे २००० सालीच बंद झालं, आणि त्या शिशाच्या लेपावरच जुन्या सीट तगून होत्या. आता वर वीस टक्के इथेनॉल आलं आहे. जुन्या रबरी नळ्या त्यात फुगतात आणि मग चिरतात, म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचं सगळं रबर बदललं. मिक्श्चरही हलकं पडतं, त्यामुळे एसयूच्या सुया जाड मिक्श्चरच्या घातल्या. पंपावर कुणी "जुन्या गाडीला काही होत नाही" म्हणालं, तर त्याला आमच्याकडे पाठवा. फुगलेल्या नळ्यांचा डबा जपून ठेवला आहे.

दोन कार्बोरेटर जुळवायला नानांनी हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानात, दुसरं एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. दोन्हीकडचा फुसफुसाट सारखा ऐकू येईपर्यंत स्क्रू फिरवत राहिले. माझ्याकडे त्यासाठी मीटर आहे. मी नंतर गुपचूप मीटर लावून पाहिला. काही हलवावं लागलं नाही.

खरी अडचण पत्र्याची. एमजीएचं बॉनेट, डिकीचं झाकण आणि दारांचे पत्रे अॅल्युमिनियमचे असतात. आमच्याकडचे डेंटिंगवाले हात जोडून म्हणाले, खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरून देतो, घासून आरसा करून देतो. ट्रॅकच्या हादऱ्यांत लांबीचे पापुद्रे निघतात, आणि मुळात वजन वाचवायला केलेल्या पत्र्यावर लांबीचं वजन चढवायचं, हे काही पटेना. शेवटी मी बॉनेट पिकअपमध्ये घालून सोनगीरला गेलो. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ते गाव आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. एका तांबट काकांनी बॉनेटवरून तळहात फिरवला. म्हणाले, तांब्यासारखंच आहे, फक्त लाल होत नाही, त्यामुळे कधी वितळेल ते कळत नाही. त्यावर मी ऐकून असलेली युक्ती सांगितली : कपडे धुण्याचा साबण पत्र्यावर घासायचा आणि खालून मंद आच द्यायची. साबण तपकिरी-काळा झाला की थांबायचं, पत्रा मऊ झालेला असतो. काकांनी एका कोपऱ्यावर करून पाहिलं, मान डोलावली आणि मला चहा सांगितला. मग चार दिवस मठारकाम. हंड्याला पाडतात तसे, एकाला एक चिकटून, हलके ठोके. बॉनेट परत आलं तेव्हा त्यावर लांबीचा एक कणही नव्हता. रंगाखाली ते ठोके आता दिसत नाहीत, याचं मला थोडं वाईटच वाटतं.

सगळ्यात मोठा वाद झाला तो पिंजऱ्यावरून, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवणाऱ्या नळ्यांच्या चौकटीवरून. दादांना आत पूर्ण पिंजरा वेल्ड करून हवा होता, वाटेत येणारी चॅसिसची पट्टी कापून. मी नाही म्हटलं. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए'चा वेगळा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी, मोठा फेरफार झालेला नको. चॅसिस कापली की तो नंबर विसरायचा. शिवाय आजोबांची गाडी एकदा कापली की ती परत आजोबांची होत नाही. शेवटी डोक्यामागे बोल्टवर बसणारी कमान, चॅसिसवर पक्क्या ठिकाणी बांधलेले सीटचे पट्टे, हातात येईल असं अग्निशामक आणि बॅटरी तोडायचं बटन, एवढ्यावर भागवलं. बोल्ट काढले की गाडी जशीच्या तशी. दादा दोन महिने माझ्याशी नीट बोलत नव्हते. पैसे मात्र वेळेवर यायचे.

आता चूक सांगतो, आणि ती माझी आहे. गाडीला तारांची चाकं. ती दात्यांच्या हबवर, म्हणजे अॅक्सलच्या टोकाच्या तुंब्यावर, बसतात आणि मधे दोन कानांचा एकच मोठा नट. गाडीच्या डाव्या अंगाला सरळ आटे, उजव्या अंगाला उलटे. नियम ऐकायला विचित्र वाटतो : गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेनं फिरतं, त्याच दिशेनं नट सुटला पाहिजे. हब आणि चाक यांच्यात केसभर फट असते, तिच्यामुळे नट चाकाच्या उलट सरकत राहतो, म्हणजे आपोआप आवळला जातो. हब डावे-उजवे बदलले, की तोच नट आपोआप सुटतो. नटांवरची खुणेची अक्षरं जुन्या हातोड्यांनी केव्हाच पुसून टाकली होती. गॅरेजातल्या पोरानं पुढचे हब उलटे चढवले, आणि बघून ठीक म्हणालो मी.

पहाटे पाचला लळिंगच्या घाटात गाडी घेऊन गेलो. दुसऱ्या चढाला स्टिअरिंगमध्ये थरथर. थांबून नट तांब्याच्या हातोडीनं ठोकला आणि, शहाणपणा बघा, तसाच पुढे निघालो. दोन किलोमीटरवर शेजारी बसलेला पोरगा ओरडला, "भाऊ, चाक हाली ऱ्हायनं!" कडेला घेतली तेव्हा नट पाऊण फेरा बाहेर आला होता. खालच्या दरीकडे मी मुद्दाम पाहिलं नाही. ट्रकमधून गाडी परत आणली. नानांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी नट बोटानं फिरवून पाहिला आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, जे ओरडण्यापेक्षा वाईट. ट्रॅकसाठी तारांची चाकं काढून साधी पोलादी चाकं लावावीत हे माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. जोरात वळताना तारा तुटतात हे वेगळंच. पण दादांना तारांशिवाय गाडी नको होती, म्हणून तारा नव्या घातल्या.

गाडी ट्रॅकवर उतरली ती कोइमतूरजवळच्या कारी स्पीडवेवर. ट्रॅक सुमारे दोन किलोमीटरचा. गाडी बंद कंटेनरमधून गेली, आम्ही रेल्वेनं. धुळ्याच्या मे महिन्यात चालवून पाहिल्यामुळे पाणी तापायची भीती नव्हती, आणि ते तापलं नाहीच. ब्रेकनी मात्र दगा दिला. १५०० ला चारही चाकांना ड्रम ब्रेक. पाचव्या फेरीला पायाखाली पेडल होतं पण गाडी थांबायला तयार नाही. थंड होऊ दिलं की पुन्हा ठीक. १९५९ ला आलेल्या एमजीए १६०० ला पुढे डिस्क ब्रेक आहेत, ते घालावेत की नाही यावर दादांचं आणि माझं अजून चाललं आहे. तोवर चार फेऱ्या आणि विश्रांती.

आज आम्ही गॅरेजात सहा जण आहोत. पिकअप आणि ट्रॅक्टर सोडलेले नाहीत, कारण पगार त्यांच्यावर निघतात. जुन्या गाडीचं काम एका वेळी एकच घेतो. भाव लेखी असतो आणि दर शनिवारी मालकाला फोटो जातात. शेडमध्ये सध्या मद्रासला बनलेली एक स्टँडर्ड हेराल्ड आहे. नानांना ती आवडत नाही. "आपलं इंजिन नाही," म्हणतात, आणि तरी रोज बघायला येतात.

लळिंगनंतर आमच्याकडे खोललेल्या प्रत्येक हबवर आत पंचानं खूण होते, 'डा' किंवा 'उ'. ट्रॅकवर तपासणीच्या वेळी तिथल्या साहेबांनी चाक काढायला लावलं, टॉर्च मारला आणि विचारलं, हा कसला कंपनीचा मार्क? आमचा पोरगा छाती काढून म्हणाला, "धुलिया का, सर."