फुलपाखरू एक, अर्ज दोन

आमच्या गावच्या जैवविविधता नोंदवहीत ‘कॉमन इव्हिनिंग ब्राऊन’ या तपकिरी फुलपाखराची नोंद व्हावी म्हणून मी जो खटाटोप केला, त्यातला एक शेरा अजून मनातून जात नाही. माहिती भरणे, ग्रामसभेत वाचणे, हे सारे विनासायास झाले. अडले ते तपासणीच्या टेबलावर.

मी दोन छायाचित्रे जोडली होती. भाद्रपदात भाताच्या बांधावर काढलेल्या छायाचित्रात मिटलेल्या पंखांवर डोळ्यांसारखे गोल ठिपके ठसठशीत होते. माघात काजूच्या बागेत काढलेल्यात ते जवळजवळ नव्हते, पंखांची टोके अणकुचीदार होती आणि फुलपाखरू हुबेहूब वाळक्या पानासारखे दिसत होते. ‘जाती दोन आहेत, स्वतंत्र अर्ज करावा’ असे लिहून कागद परत आले. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली वर्णन केलेल्या या जातीची पावसाळी आणि कोरड्या ऋतूतली रूपे वेगळी असतात, अळी ज्या हवामानात वाढते त्यावर ते ठरते, पाचोळ्यात लपायचे तेव्हा ठिपके अडचणीचेच, हे मी परोपरीने सांगितले. प्रत्येक खेपेला उत्तर एकच मिळाले: ‘पुरावा जोडा.’

म्हणून पुढच्या वर्षी पाऊस ओसरताना ठिपकेवाली मादी जाळीत ठेवली. ती फुलांकडे फिरकत नाही, सडके केळे लागते. तिने भाताच्या पातीखाली फिकट, मण्यांसारखी अंडी घातली. अळ्या पातीच्याच हिरव्या रंगाच्या निघाल्या. डोक्यावर दोन केसाळ शिंगे आणि शेपटीला दोन टोके नसती, तर त्या मला दिसल्याच नसत्या. भात मात्र कुंडीतच रुजवलेला हवा, कारण कापलेली पात लगेच सुकते. पुढे पातीला उलटे टांगलेले गुळगुळीत हिरवे कोष झाले आणि मार्गशीर्षात त्यांतून ठिपके विरलेली, पानासारखी पाखरे बाहेर पडली. आईचे आणि पिलांचे छायाचित्र एकाच कागदावर लावताना मला खरोखर अभिमान वाटला.

नोंद एकाच अर्जावर झाली. कोणी अशी नोंद करणार असेल, तर अर्जाच्या नमुन्यात ऋतूसाठी रकाना नसल्याने दोन्ही रूपांचे महिने शेऱ्यात पहिल्याच वेळी लिहावेत. शिवाय हे फुलपाखरू दिवसभर सावलीत बसून असते. ते शोधायला दिवेलागणीलाच बाहेर पडावे.