तंजावरचा सरस्वती महाल: मराठी कागदांच्या गावी

तंजावरला लोक बृहदीश्वरासाठी जातात, आणि जायलाच हवं. तिरुचिरापल्लीहून रेल्वेने तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना कावेरीच्या पाण्यावर पोसलेली भातशेती, आणि मग गावाच्या छपरांवरून वर आलेलं देवळाचं ते अजस्र विमान, म्हणजे शिखर. राजराज चोळाने १०१० मध्ये पुरं केलेलं हे देऊळ बघताना मान दुखून येते, तरी खाली बघवत नाही. माझ्या यादीत मात्र या देवळातला एक कोपरा होता. नैर्ऋत्येकडच्या ओवरीत, जिथे सहसा कोणी थांबत नाही, तिथल्या दगडावर देवनागरीत कोरलेला मराठी मजकूर आहे. थोडाथोडका नाही, भिंत भरून.

तंजावरचे मराठा राजे सरफोजी (दुसरे) यांनी १८०३ मध्ये आपल्या भोसले घराण्याचा इतिहास इथे कोरवून घेतला. मजकूर लिहिणारे त्यांचे चिटणीस बाबुराय. भोसल्यांच्या मुळापासून सुरुवात, मग मालोजी, शहाजी, शिवाजी महाराज, त्यांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, आणि तिथून थेट सरफोजींपर्यंत. भाषा बखरीची, वाक्यं लांबलचक. अक्षरं सलग असल्यामुळे एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते बोट धरून शोधावं लागतं. मी तशीच अर्धवट मोठ्याने वाचत उभी होते. सहलीला आलेली दोनचार शाळकरी मुलं माझ्याभोवती जमली. हिंदी आहे का, असं एकाने इंग्रजीत विचारलं. मराठी आहे म्हटल्यावर त्याने मान डोलावली आणि मित्रांना तमिळमध्ये काहीतरी सांगितलं. त्यातलं 'सरफोजी' एवढंच मला कळलं. त्या मुलांना सरफोजी माहीत होते! आपल्याकडच्या त्याच वयाच्या किती मुलांना असतील, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

कागद वाळवी खाते, दगडाला ती भीती नाही. पण हा इतिहास देवळाच्या भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही वाचता येईल असा कोरवून घेणारा राजा आपल्या दप्तराकडे कसा बघत असेल, हे मला जाणून घ्यायचं होतं. म्हणून देवळातून निघाले ती तडक राजवाड्यात, सरस्वती महाल ग्रंथालयाकडे.

या ग्रंथालयाचं मूळ मराठ्यांच्याही आधीचं आहे. तंजावरच्या नायक राजांचा पोथ्यांचा सरस्वती भांडार होता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजींनी तंजावर घेतलं तेव्हा तो मराठ्यांकडे आला आणि पुढच्या प्रत्येक पिढीने त्यात भर घातली. सगळ्यात मोठी भर सरफोजींची. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला. हातात उरला तो किल्ला, नेमणुकीचा पैसा आणि वेळ. तो सगळा त्यांनी पुस्तकांत घातला, असं म्हणायला हरकत नाही. १८२० मध्ये काशीयात्रेला निघाले तेव्हा वाटेवर आणि काशीत पोथ्या मिळवल्या, नकला करवल्या. युरोपातून पुस्तकं मागवली. त्यांतल्या कितीतरी पुस्तकांवर त्यांची स्वतःची सही आहे.

१८५५ मध्ये त्यांचे चिरंजीव शिवाजी वारले. वारस नाही म्हणून राज्य खालसा झालं. अशा वेळी दप्तरांचं काय होतं ते आपण महाराष्ट्रात पुष्कळ बघितलंय: माळ्यावर, रद्दीत, नाहीतर पुरात. तंजावरची पोथीशाळा मात्र टिकली. आर्थर बर्नेल या इंग्रज अधिकाऱ्याने तिथल्या संस्कृत पोथ्यांची सूची करून १८८० मध्ये छापली आणि जगभरच्या पंडितांचं इकडे लक्ष गेलं. १९१८ मध्ये ग्रंथालय सर्वांसाठी खुलं झालं. मला याहून जास्त भावली ती दुसरी एक गोष्ट. पुढच्या काळात गावातल्या मराठी घराण्यांनीही आपल्या घरचे संग्रह आणून इथे दिले. जंबुनाथभट लांडगे, कागळकर, पतंग अवधूत ही नावं सूचींमध्ये आजही त्या त्या संग्रहाला जोडलेली आहेत. राजाच्या पोथ्यांशेजारी भटजींच्या, गोसाव्यांच्या आणि गृहस्थांच्या पोथ्या. त्यामुळे या ग्रंथालयाला मी राजसंग्रह म्हणणार नाही. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी घर सोडून इतक्या लांब आलेल्या एका समाजाची ही सामाईक ठेव आहे.

राजवाड्याच्या आवारात ग्रंथालयाचं छोटंसं संग्रहालय आहे. सामान्य माणसाला आत जाऊन बघता येतं ते एवढंच. पोथ्या वाचायच्या तर रीतसर परवानगी काढावी लागते. दालन लहान, पण तिथून पाय निघत नाही. काचेखाली ताडपत्रं, लेखणीच्या टोकाने कोरलेली आणि काजळी चोळून उठवलेली अक्षरं. ती जपायची पद्धत ऐकून मला आजीच्या बटव्याची आठवण झाली: वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी यांची पूड पुरचुंडीत बांधून पोथ्यांजवळ ठेवायची, म्हणजे कसर लागत नाही. शेजारी जॉन्सनचा १७८४ चा इंग्रजी कोश. माणसाचा चेहरा आणि प्राण्याचा चेहरा यांतलं साम्य दाखवणारी ल ब्रं या फ्रेंच चित्रकाराची चित्रं. सरफोजींच्या धन्वंतरी महालाच्या, म्हणजे त्यांच्या दवाखान्याच्या, वारशात डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं आहेत आणि त्यांच्यासोबत त्या त्या रुग्णाच्या डोळ्याचं रंगवलेलं चित्र. फुलं पडलेले, लाल झालेले, सुजलेले डोळे. कोण होती ही माणसं? तंजावरच्या गल्ल्यांतलीच असणार.

आणि मग नाटकं. हे मला सगळ्यांना सांगायचंय. मराठी नाटकाची सुरुवात आपण १८४३ ची, सांगलीची, विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवर'ची धरतो. शाळेत तेच शिकवतात. पण तंजावरच्या शहाजीराजांनी, म्हणजे व्यंकोजींच्या मुलाने, सतराव्या शतकाच्या अखेरीला 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक लिहिलं होतं. त्यानंतरही तिथे मराठी नाटकं लिहिली जात राहिली आणि त्यांची हस्तलिखितं इथे जपली गेली. भाव्यांचं श्रेय याने तसूभरही कमी होत नाही. त्यांनी उभी केलेली परंपरा वेगळी, तिचा प्रेक्षक वेगळा. पण पाठ्यपुस्तकात तंजावरला एक परिच्छेद तरी मिळायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. सरफोजींचं 'देवेंद्र कुरवंजी' तर अफलातून आहे. कुरवंजी हा तमिळ मुलखातला नृत्यनाट्याचा प्रकार. त्यात डोंगरातली एक कोरवीण येऊन नायिकेचं भविष्य सांगते. सरफोजींची कोरवीण जगाचा भूगोल सांगते, तोही मराठी पदांमधून! भूगोल शिकवायची याहून गोड रीत मला ठाऊक नाही.

शिवचरित्राच्या अभ्यासकांना हे ग्रंथालय वेगळ्याच कारणाने माहीत असतं. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'ची पोथी सदाशिव महादेव दिवेकर यांना इथेच मिळाली, आणि १९२७ मध्ये ती पुण्यात छापून निघाली. शिवाजी महाराजांच्या हयातीतलं, त्यांच्या दरबारच्या कवीचं काव्य सह्याद्रीत न सापडता कावेरीकाठी सापडावं, यातच या घराच्या जपणुकीची थोरवी आहे.

पण मी ज्यासाठी गेले होते ते मोडीचं दप्तर. तंजावर दरबाराचे मोडी कागद रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेले आहेत. रुमालांची संख्या १३४२ सांगतात. आधी आडवी शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची, ही आपल्याच कारकुनांची सवय तिथल्या तावांवर बघताना मला भरून आलं. यात लढायांचं वर्णन शोधू नये. यात हिशेब आहेत: देवळांच्या नेमणुका, गवयांचे आणि नर्तकींचे पगार, दवाखान्याचा खर्च, छत्रांना लागलेला तांदूळ. लिहिणारा मराठी, ज्याच्याबद्दल लिहिलंय तो बहुतेक वेळा तमिळ. कावेरीकाठचं दीडशे वर्षांचं रोजचं जगणं या मराठी कागदांत पडून आहे. तमिळ अभ्यासकांना ते कधीच उमगलंय. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने १९८९ मध्ये यातल्या निवडक मोडी कागदांचे तमिळ अनुवाद टिपांसह छापले. मराठीत असं काम याच्या कितीतरी पट व्हायला हवं होतं.

छत्रांचा तांदूळ म्हटलं ते थोडं उलगडून सांगते. तंजावरच्या राजांनी रामेश्वराच्या यात्रामार्गावर धर्मशाळा बांधल्या, त्यांना छत्रं म्हणतात. १८०१ मध्ये सरफोजींनी तंजावरचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, बेंजामिन टोरिन याला पत्र लिहून या छत्रांचा कारभार समजावून सांगितला. छत्रांचं उत्पन्न इंग्रजांच्या हाती जाऊ नये, ही कळकळ त्या पत्रात आहे. ब्राह्मणापासून परयापर्यंत (अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीच्या माणसापर्यंत), जोगी, जंगम, बैरागी, जो येईल त्याला भात मिळतो. शिजवलेलं नको असेल त्याला शिधा. मध्यरात्री घंटा वाजवतात आणि जेवायचं राहिलेल्यांना बोलावून वाढतात. आजारी वाटसरूला औषधपाणी, तान्ह्या मुलांना दूध, पोरक्या मुलांना शिक्षकांचा सांभाळ, आणि वाटेत कोणी वारलाच तर त्याचे अंत्यसंस्कार. राज्य गेलेला राजा परक्या सत्तेपुढे कशासाठी भांडला, तर यासाठी. सिंहासनाच्या गोष्टी आपण पुष्कळ सांगतो. मध्यरात्रीच्या या घंटेची गोष्टही घराघरांत सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं.

त्यातलं एक छत्र बघायला दुसऱ्या दिवशी ओरत्तनाडूला गेले. तंजावरच्या दक्षिणेला, बसने सहज जाऊन येण्याजोगं. नाव मुक्तांबाळ छत्र. मुक्तांबाळ ही सरफोजींची प्रिया. आपल्या नावाने एक छत्र असावं ही तिची शेवटची इच्छा होती. इमारतीच्या दर्शनी जोत्याला दगडी रथाचा आकार दिलाय, त्याला हत्ती-घोडे जुंपलेले. तंजावरला येणाऱ्या मराठी पर्यटकांनी इथे वाट वाकडी करून यावं.

संध्याकाळी राजवाड्याजवळ एका काकांशी गप्पा झाल्या. त्यांच्या कितीतरी पिढ्या इथेच गेलेल्या. घरात मराठी बोलतात, लिहायची वेळ आली तर तमिळ लिपीत लिहितात. इथल्या रामदासी मठांबद्दल त्यांनी भरभरून सांगितलं. मराठी कीर्तनकार इकडे आले, त्यांचं कीर्तन ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं, आणि साकी, दिंडी, अभंग हे मराठी छंद तिकडच्या कथेकऱ्यांच्या तोंडी रुळले, हे सांगताना त्यांनी साकीची एक ओळ म्हणूनही दाखवली. तुमच्याकडून येणारे लोक आम्हाला फक्त एकच विचारतात, असं ते म्हणाले: तुमचं मराठी असं कसं? "दप्तराबद्दल तुमच्यासारखं विचारणारं क्वचितच कोणी," एवढं बोलून त्यांनी कॉफी मागवली.

महाराष्ट्राचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातही मोडी शिकता येते. दरवर्षी कितीतरी उत्साही मंडळी ही लिपी शिकतात, आणि मग वाचायला काय घ्यायचं म्हणून अडतात. त्यांनी तंजावरकडे बघावं. सोबत तमिळ जाणणारा कोणीतरी हवाच, कारण गावांची, पिकांची, मापांची नावं त्याच्याशिवाय लागणार नाहीत. जोडीने बसून करायचं हे काम आहे. जायचं तर डिसेंबर-जानेवारीत जा, उन्हाळा तिथे सोसत नाही. बृहदीश्वर सकाळी लवकर बघा, राजवाडा आणि सरस्वती महाल यांना अख्खा दिवस द्या, आणि पोथ्या किंवा मोडी कागद पाहायचे असतील तर निघण्याआधीच ग्रंथालयाला पत्र घालून परवानगीची चौकशी करा.