आईच्या कंबरेसाठी गाडीतला शेक

थंडी सुरू झाली की आमच्या आईची कंबर धरते. एरवी ती दिवसभर घरात चालती-फिरती असते; परंतु डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे तासभर गाडीत बसून उतरायचे झाले, की दाराची कड धरून काही क्षण तशीच वाकून उभी राहते. दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाण्याचा तिचा नेम आहे आणि तो मोडावा असे मला कधीच वाटले नाही. कोल्हापुरातून अंधारात निघायचे, उसाच्या ट्रॉल्यांमागून हळूहळू शिरोळकडे सरकायचे, घाटाच्या ओल्या गार दगडांवर अनवाणी उभे राहून दर्शन घ्यायचे आणि पुन्हा गार पडलेल्या रेक्झिनच्या सीटवर येऊन बसायचे, असा हा प्रवास असतो. ती रबरी पिशवीत गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून पाठीशी घेत असे. जाताना शेक मिळे. परतताना, म्हणजे खरी गरज असे तेव्हा, पिशवी गार झालेली असे.

म्हणून यंदा दिवाळीनंतर मी तिच्या बाजूच्या सीटमध्ये हीटिंग पॅड बसवून घेतले. कोल्हापुरात सीट कशाला तापवायची, असे अनेकांनी विचारले. येथे पहाटेचा पारा चौदा-पंधरा अंशांच्या आसपास उतरतो, हाडे गोठवणारी थंडी येथे नसते, हे खरेच आहे. परंतु कंबरेला शेक लागतो तो हवामान पाहून लागत नाही. शिवाय गाडीचा हीटर इंजिनातले पाणी तापल्यावरच गरम हवा देतो, आणि ती हवा पायांना व चेहऱ्याला लागते, पाठीला नाही. पॅड कव्हरखाली, अंगाला लागूनच असल्याने दोन-तीन मिनिटांत ऊब जाणवते.

बाजारात मिळणाऱ्या संचात एका सीटसाठी दोन पातळ पॅड असतात, एक बैठकीचा आणि एक पाठीचा. त्यांत कार्बन फायबरचे धागे किंवा बारीक तार असते, आणि सोबत उष्णता मर्यादेत ठेवणारा थर्मोस्टॅट, वायरिंग, रिले (छोट्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज व कमी-जास्त उष्णतेचा स्विच येतो. आमच्या संचातील दोन्ही पॅड एकत्र जोडून मल्टिमीटर लावला, तेव्हा रोध सुमारे ३ ओहम भरला. म्हणजे १२ व्होल्टला ४ अँपिअर, जवळजवळ ४८ वॅट. इंजिन चालू असताना व्होल्टेज १४ च्या आसपास जाते, तेव्हा हाच आकडा ६५ वॅटपर्यंत चढतो. इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरला हा भार जड नाही. बंद गाडीच्या बॅटरीला मात्र तो फार जड आहे, आणि हे मला अनुभवाने कळले.

पहिल्यांदा ज्या दुकानात हे काम करून घेतले, तेथे डॅशबोर्डखालच्या, किल्ली काढल्यावरही चालू राहणाऱ्या वायरीवरून सप्लाय घेतला गेला. रिले खोक्यातच राहिला. संध्याकाळी आई उतरली, स्विच चालूच राहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवल्यावर स्टार्टरची नुसती टकटक ऐकू आली. हिशेब सरळ आहे: लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, आणि पॅड ओढणार ४ अँपिअर, थर्मोस्टॅट मधूनमधून पॅड बंद करीत असला तरी रात्रभरात बॅटरी उतरणारच. बॅटरी उतरली याचे मला फारसे वाईट वाटले नाही. बंद गाडीत, कोणाचेही लक्ष नसताना, कव्हरखाली काहीतरी रात्रभर तापत राहिले, या विचाराने मात्र मी अस्वस्थ झालो.

त्यानंतर गाडी उद्यमनगरात, कोल्हापुरातल्या कारखाने-गॅरेजच्या भागात नेली. तेथल्या इलेक्ट्रिशियनमामांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवली आणि मगच वायरिंगला हात लावला. मुख्य सप्लाय त्यांनी बॅटरीवरून, दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीने, बॅटरीजवळच १० अँपिअरचा फ्यूज टाकून घेतला. कारण फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो, आणि तो पॅडजवळ बसवला तर मधली सगळी वायर उघडीच राहते. रिलेला इशारा देणारी वायर किल्ली काढताच वीज बंद होणाऱ्या फ्यूजवरून घेतली. आता स्विच चालू राहिला तरी किल्लीबरोबर पॅड बंद होतो. सीट मागेपुढे सरकवून पाहत, वायर रुळात कोठे दाबली जात नाही ना, हे त्यांनी चार वेळा तपासले.

सीट उघडण्याचे काम त्यांनी शेजारच्या कुशनवाल्याला दिले, आणि ते पाहण्यासारखे होते. कव्हर फोमला तारेच्या लहान कड्यांनी, फोममधल्या खाचेत ओढून बांधलेले असते. त्याने एकेक कडी कटरने तोडली आणि कव्हर मागे सोलत नेले, तेव्हा फोमवर चिकटवलेली एक पातळ काळी पट्टी दिसली. बाजूच्या सीटवर कोणी बसले आहे की नाही हे ओळखणारा तो सेन्सर. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकाबरोबर शेजारच्या सीटलाही बेल्टची आठवण देणारा बझर बंधनकारक झाला, तो या पट्टीवरच चालतो. पहिल्या दुकानात पॅड तिच्यावर ताणून बसवला होता, म्हणून कोणी बसलेले नसतानाही बझर वाजत असे. आम्ही ते सीटवर ठेवलेल्या पिशवीमुळे असेल असे समजत होतो. कुशनवाल्याने पॅड मागे घेतला, खाचेतून सपाट नेला आणि हाताने पुन्हापुन्हा चाचपून पाहिला, कारण पॅडला घडी पडली तर तेवढी जागा जास्त तापते. नव्या कड्या लावून झाल्यावर म्हणाला, "काकी, आता बसा बघू." आई बसली, बेल्ट न लावल्याने बझर वाजला, ती उतरताच थांबला, आणि मगच आम्ही पैसे दिले.

आमच्या गाडीच्या सीटमध्ये साइड एअरबॅग नाही. ज्यांच्या आहे त्यांनी हे काम वाटेल तेथे करून घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. ती बॅग सीटच्या कडेची विशिष्ट शिलाई फाडून बाहेर येते. तेथे पॅड आला किंवा शिलाई बदलली तर ऐन वेळी ती उघडण्यात अडथळा येईल. सीटखालचा पिवळा कनेक्टर एअरबॅगचा असतो, त्याला माहीतगारानेच हात लावावा. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी विचारून घ्यावे.

मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला आम्ही वाडीला गेलो. परतताना आईने घाटावरून येऊन ओले पदर पिळले, सीटवर कोरडा टॉवेल टाकला, स्विच दाबला आणि हातकणंगल्यापर्यंत काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "कंबर सुटल्यासारखी वाटते की रे."

एक काळजी मात्र मला अजून आहे. आईला मधुमेह आहे आणि तिच्या त्वचेची संवेदना पूर्वीसारखी राहिलेली नाही. ४४ अंशांच्या आसपासची उष्णता हाताला नुसती ऊबदार वाटते, परंतु तीच तासन्‌तास अंगाला लागून राहिली तर त्वचा भाजू शकते, आणि ज्याला चटका जाणवत नाही त्याला ते उशिरा कळते. म्हणून पहिली दहा मिनिटे जास्त, मग कमी, आणि अर्ध्या तासाने बंद, असा नियम आम्ही ठेवला आहे. घरी पोहोचल्यावर ती पाठ मला दाखवते. पण परतीच्या वाटेवर तिला डुलकी लागते आणि माझे लक्ष ट्रॉल्यांकडे असते. या आठवड्यात पुन्हा उद्यमनगरात जाऊन, रिलेच्या वायरीत अर्ध्या तासाचा टायमर घालून घेणार आहे. मामांनी सोमवारी बोलावले आहे.